पालथी चिठ्ठी

भिंगकाकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. बैठक सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती आणि पुसण्याची ही तिसरी वेळ. समोरच्या भिंतीवर सूर्यावरच्या उद्रेकाच्या वेगाचे दोन आकडे झळकत होते, सहाशे बारा आणि पाचशे अठ्ठ्याण्णव. एवढे मोठे आकडे त्यांना चष्म्याशिवायही दिसले असते.

“दोन माणसं, दोन स्वतंत्र मोजमापं, आणि फरक फक्त चौदाचा, तरी दोन्ही चुकले,” मॅडम म्हणाल्या. “त्यातलं एक भिंगकाकांचं. म्हणजे मोजणाऱ्यांचा दोष नाही. दोष कॅमेऱ्याचा आहे. त्यालाच आता अंधुक दिसायला लागलंय.”

“म्हातारीला काही झालेलं नाही,” टेबलाच्या टोकाहून मिस्त्री गुरगुरला.

म्हातारी म्हणजे त्यांची दुर्बीण. अकरा वर्षं ती अंतराळात सूर्याकडे टक लावून बसली होती. उन्हात वाटेवरून कोण येतंय ते बघायला आपण सूर्याआड तळहात धरतो ना, तसं तिने सूर्याच्या तोंडापुढे एक तबकडी धरलेली. सूर्य झाकला की त्याच्याभोवतीचा मंद उजेड दिसतो आणि त्या उजेडातून कधी एखादा उद्रेक उसळून निघाला तर तोही दिसतो. तो किती वेगाने निघालाय हे मोजायचं आणि पृथ्वीवर केव्हा आदळेल ते वीजकेंद्रांना, विमानवाल्यांना कळवायचं, हे या खोलीचं काम. मिस्त्री हा म्हातारीचा इंजिनिअर. ती जमिनीवर होती तेव्हा तिचा एकेक स्क्रू त्याने स्वतः आवळला होता. म्हणून तो मिस्त्री.

“सूर्याच्या मागच्या ताऱ्यांवरून मी तिची नजर तपासली,” तो म्हणाला. “तेच तारे, तेवढेच ठळक. चार टक्क्यांचासुद्धा फरक नाही.”

“ताऱ्यांचं ठीक आहे हो. पण उद्रेकाची खरी कडा भिंगकाकांना दिसली नाही, त्याचं काय?” मॅडमनी विचारलं.

सगळ्यांनी भिंगकाकांकडे बघितलं, तेही आदराने, आणि काकांना टेबलाखाली शिरावंसं वाटलं.

उद्या सकाळी अकरा वाजता कॅमेऱ्यामागचा हीटर चालू करायचा, असं ठरलं. नऊ दिवस तापवलं की कॅमेऱ्याच्या आतल्या काचेवर साठलेला थर उडून जातो आणि नजर उजळते. तेवढे नऊ दिवस तिला काही दिसणार नाही, आणि सूर्य तर सध्या आठवड्यातून तीनदा भडकत होता. शिवाय या वयात तापवलेली म्हातारी पुन्हा शुद्धीवर येईल याची खात्री कोणी द्यायची? नवी दुर्बीण अजून सुट्या भागांत पडलेली, तिला दोन वर्षं तरी लागणार होती.

“चोर सोडून संन्याशाला फाशी आहे ही,” मिस्त्री म्हणाला आणि त्याने आपले कागद गोळा केले.

सगळे हसले. भिंगकाकाही हसले, कारण न हसणं कोणाच्या तरी लक्षात आलं असतं. समोर बसलेली दुसरी मोजणारी, चिमणी, मात्र हसली नाही. ती मान खाली घालून एका कागदाची कड बारीक बारीक फाडत होती.

“काका, तुम्हाला काही म्हणायचंय?” मॅडमनी विचारलं.

“नाही,” भिंगकाका म्हणाले. “माझं काही नाही.”

चोर स्वतःच बसला होता की हो तिथे, चष्मा पुसत.

पालथ्या चिठ्ठीचा नियम खुद्द भिंगकाकांनी घालून दिलेला. बारा वर्षांपूर्वी, म्हातारी अजून जमिनीवर असताना आणि ते दुसऱ्या दुर्बिणीची चित्रं मोजत असताना. नियम साधा होता. पहिल्याने उद्रेकाची कडा मोजायची, सेकंदाला किती किलोमीटर तो आकडा चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी टेबलावर पालथी घालायची आणि तिच्यावर स्टीलचा पेला उपडा ठेवायचा. मग दुसऱ्याने येऊन तीच चित्रं नव्याने मोजायची, आपली चिठ्ठी लिहायची, आणि तेव्हाच पेला उचलायचा. “आकडा आधी कळला की डोळा त्याच्याच मागे जातो,” ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत. “दुसरा माणूस मोजायला नसतो, पहिल्याची चूक पकडायला असतो.”

आणि ते पकडत. चित्रं दर बारा मिनिटांनी येत. नव्यातून जुनं वजा करायचं, म्हणजे जे हललं तेवढंच करड्यावर पांढरं उरतं. त्या करड्या चिखलात, जिथे इतरांना काहीच दिसत नसे, तिथे भिंगकाका बोट ठेवून सांगत, “ही बघ कडा.” आणि कडा तिथेच असे. नाव उगाच नव्हतं पडलं.

दीड वर्षापूर्वी करडं जास्तच करडं दिसू लागलं. पडदा खराब असेल, म्हणून काकांनी पडदा बदलून घेतला. मग दिवा बदलला. मग चष्मा. कार्यालयाच्या वार्षिक तपासणीत ते मजेत पास झाले, कारण तिथे पांढऱ्यावर काळी ढबोळी अक्षरं वाचायची असतात. करड्यावरचं करडं कोण विचारतो! मोतीबिंदू आहे हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण शस्त्रक्रिया म्हटली की रजा आली, रजा आली की कारण आलं, आणि भिंगालाच मोतीबिंदू झाला हे खोलीभर झालं असतं. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. तेवढे काढू, असं त्यांनी ठरवलं.

मग, सात महिन्यांपूर्वी, त्यांनी दोनदा दाराकडे बघून मोजायच्या आधीच पेला उचलला. दुसऱ्यांदा एकदाच बघितलं. पुढे पुढे तर ते आकड्यात कधी नऊ मिळवत, कधी चौदा वजा करत, म्हणजे आपला आकडा खरा वाटावा. चोरी करणाऱ्यालासुद्धा एवढी टापटीप लागते, हे त्यांना त्या वयात कळलं.

मग तो सोमवार आला. दुपारी सूर्यावर मोठा उद्रेक झाला, नेमका पृथ्वीच्या रोखाने, त्यामुळे चित्रात तबकडीच्या चहूबाजूंनी कडं पसरत गेलं. चिमणीने मोजलं, चिठ्ठी पेल्याखाली ठेवली आणि डबा खायला गेली. ती उभ्याउभ्याच डबा टिपायची, म्हणून चिमणी. या खोलीत येऊन तिला दोन वर्षं झाली होती. काका खुर्चीत बसले, पडद्याला नाक लावलं, आणि त्यांना चिखल दिसला. त्यांनी पेला उचलला. सहाशे बारा. पेला ठेवला आणि आपल्या चिठ्ठीवर पाचशे अठ्ठ्याण्णव लिहिलं.

चिमणीने परत येऊन दोन्ही चिठ्ठ्या उलटल्या आणि तिचा चेहरा फुलला.

“काका, चौदाचाच फरक!” ती म्हणाली होती.

गुरुवारी संध्याकाळी येणार म्हणून कळवलेला तडाखा बुधवारी दुपारीच बसला. तिने मोजलेली ठळक कडा आतली होती. खरी कडा तिच्याही बाहेर होती, फिकट, आणि जवळजवळ दुप्पट वेगाची. वीजकेंद्राने ‘गुरुवारपर्यंत वेळ आहे’ म्हणून एक लाइन दुरुस्तीसाठी उघडून ठेवली होती. तासभर आधी पृथ्वीच्या अलीकडे पहाऱ्यावर असलेल्या दुसऱ्या यानाने इशारा दिला, पण उघडलेली लाइन तासाभरात जोडता येत नाही. सगळा भार एकाच ट्रान्सफॉर्मरवर आला आणि त्याने पेट घेतला.

नंतर खोलीतल्या बाकीच्या दोघा मोजणाऱ्यांनी ती चित्रं पुन्हा पाहिली. भिंगकाकांचा आकडा त्यांना माहीत होता, त्यामुळे त्यांनाही आतलीच कडा दिसली. डोळा आकड्याच्या मागे जातो, दुसरं काय.

बैठकीच्या दिवशी संध्याकाळी बायकोने दिवा लावला, खुर्ची ओढली आणि पेपर उघडला. गेलं वर्षभर ती त्यांना पेपर वाचून दाखवत होती. ‘तुझा आवाज ऐकत बसायला बरं वाटतं,’ असं त्यांनी तिला सांगितलं होतं. ‘तीस वर्षं नाही वाटलं ते!’ असं म्हणून तिने वाचायला सुरुवात केली होती.

“वीजकेंद्राच्या आगीत भाजलेल्या कामगाराची प्रकृती स्थिर,” तिने वाचलं. “दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले आहेत. हातांचा वापर पूर्ववत करता येईल की नाही, हे डॉक्टरांनी अद्याप…”

“पुढचं पान घे,” काका म्हणाले.

“थांबा, संपू दे. ‘गुरुवारपर्यंत धोका नाही असं साहेबांना वरून कळवलं होतं, म्हणूनच मी वर चढलो, असं ते सांगतात.’ वरून म्हणजे कुठून हो? तुमच्याकडूनच ना?”

काकांनी समोरचा कप उचलला आणि रिकामाच तोंडाला लावला.

मग त्यांनी सांगितलं. फार वेळ लागला नाही. बारा वर्षांचा नियम, सात महिन्यांची चोरी, सगळं मिळून पाच मिनिटांत आटपलं. बायकोने पेपरची घडी घातली, मग त्या घडीची घडी घातली.

“मोतीबिंदूच ना?” शेवटी ती म्हणाली. “अहो, माझ्या आईनं पंचाऐंशीव्या वर्षी काढून घेतला आणि आठवड्यात सुईत दोरा ओवला. मी वर्षभर कानीकपाळी ओरडतेय, डोळे दाखवून या. मागच्या महिन्यात शेजारणीला मी समजून ‘डबा भरलास का’ विचारलंत. ती बिचारी अजून जिन्यात मला चुकवते.”

एरवी ते हसले असते.

“भिंग म्हणतात गं मला तिथं.”

“म्हणजे नावासाठी.”

“हो,” ते म्हणाले. ते तोंडातून निघालं आणि त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी दिव्याकडे पाठ केली. एका माणसाचे दोन हात, आणि इकडे काय, तर एक टोपणनाव.

“उद्या सांगून टाका.”

“पण पोरीचं काय? चुकीचा आकडा तिचा होता. आत्ता सगळे कॅमेऱ्याला दोष देतायत. मी बोललो की खापर तिच्या डोक्यावर फुटेल. मी गप्प बसलो तर निदान तिची नोकरी…”

“आणि तुमची?”

काकांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

“तिची ढाल करू नका,” बायको म्हणाली. “ते तर अजूनच वाईट दिसतं.” आणि ती उठून आत गेली. पुढचं पान राहिलंच.

सकाळी नऊला मॅडमच्या खोलीत जायचं, असं काकांनी पक्कं केलं होतं. नऊ वाजता मॅडमच्या दारात दोन माणसं उभी होती, म्हणून ते जिना उतरले. साडेनऊला दार मोकळं होतं, म्हणून ते पुन्हा जिना उतरले. दहा वाजता त्यांनी स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुतलं आणि आरशात बघितलं. आरशातला माणूसही अंधुकच होता, तेवढीच सोय. पावणेअकराला त्यांना समजलं की आता एकांतात सांगण्याची वेळ गेली. जे काही बोलायचं ते चारचौघांत.

नियंत्रण कक्षात मिस्त्री टेबलाशी बसला होता. त्याच्यापुढे हीटर चालू करण्याच्या आज्ञेचा कागद, शेजारी ती आज्ञा म्हातारीला पाठवणारी ऑपरेटर, मागे मॅडम. चिमणी भिंतीला टेकून उभी होती.

“म्हातारीला हात लावू नका,” भिंगकाका दारातूनच म्हणाले. “तिचे डोळे शाबूत आहेत. माझे गेलेत.”

ऑपरेटरला तो विनोद वाटला. ती हसली आणि कोणीच हसत नाही हे बघून थांबली.

“पाचशे अठ्ठ्याण्णव मी मोजलेला नाही,” काका म्हणाले. “मला ती कडा दिसतच नव्हती. पेला उचलून हिचा आकडा बघितला आणि चौदा वजा केले.”

मॅडमनी विचारलं, “एवढ्या एकाच वेळी?”

“सात महिने. एकोणचाळीस उद्रेक.”

“मोजलेत तुम्ही?”

“तेवढे मात्र मोजले.”

मॅडमच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपण कालच्या बैठकीत कोणाच्या भरवशावर काय काय बोललो, ते त्या आठवत असाव्यात. त्यांनी ऑपरेटरला मानेने ‘नको’ म्हणून खुणावलं. मग काकांना म्हणाल्या की हे सगळं लिहून द्या, खोलीची चावी जमा करा आणि चौकशी होईपर्यंत येऊ नका. त्यांना नेहमीचं ‘काका’ म्हणाल्या नाहीत.

“एक आहे,” काका म्हणाले. “हिची चूक धरू नका. पहिल्याची चूक होतेच. ती पकडायला दुसरा बसवलेला असतो. तो बसला नव्हता.”

मिस्त्रीने आज्ञेचा कागद उचलला, चार घड्या घालून खिशात ठेवला. तो चार शिव्या देईल याची काका वाट बघत होते. त्या त्यांना हव्याही होत्या.

“डोळे दाखव रे आधी,” मिस्त्री म्हणाला, आणि खुर्ची फिरवून त्याने म्हातारीचं ताजं चित्र उघडलं.

बाहेर येऊन भिंगकाका दोन पेले पाणी प्यायले. छातीवरचं ओझं उतरलं होतं. झालं. सांगितलं. म्हातारी वाचली, पोरीलाही दोषातून सोडवलं. बायकोला सांगताना काय शब्द वापरायचे हेसुद्धा त्यांच्या मनात येऊन गेलं. खरं म्हणजे त्यांना स्वतःचं थोडं कौतुकच वाटत होतं, आणि आपल्याला तसं वाटतंय हे कळूनही ते थांबेना.

ते मोजणीच्या खोलीत आपलं सामान घ्यायला गेले. सामान ते काय, एक डबा, एक छत्री. ते टेबलाचा खण रिकामा करत होते तेवढ्यात चिमणी आत आली. तिने दार लोटलं, कपाटातून नोंदवही काढली आणि टेबलावर उघडली. मग तिने आपल्या पर्समधून एक चिठ्ठी काढली. चुरगाळून पुन्हा सरळ केलेली होती.

“अकराशे चाळीस,” तिने वाचून दाखवलं. “ही त्या सोमवारची माझी पहिली चिठ्ठी.”

काकांनी हातातली छत्री खाली ठेवली.

“बाहेर एक फिकट रेघ दिसली होती मला. मोजली आणि लिहिलं. पुन्हा पाहिलं तर वाटलं, भास असेल. मग आतली ठळक कडा मोजली आणि ती चिठ्ठी पेल्याखाली ठेवली. म्हटलं, बाहेरची खरी असली तर काकांना दिसेलच. मग तुमचा आकडा आला.”

“आणि काल बैठकीत का बोलली नाहीस?”

“काय बोलणार? भिंगकाकांना दिसली नाही ती मला दिसली, असं?”

ती नोंदवहीची पानं मागे मागे उलटत गेली आणि एका पानावर थांबली. “हे बघा. सात महिन्यांपूर्वीपर्यंत माझा आकडा तुमच्याशी कधी जुळायचा नाही. दोनदोनशेचा फरक पडायचा. तुम्ही मला शेजारी बसवून शिकवायचात, रागवायचात. आणि मग एकदम जुळायला लागला. चौदा, नऊ, अकरा. मी आईला फोन करून सांगितलं, माझी नजर बसली म्हणून. आई रडली फोनवर.” तिने वही मिटली. ती रडत नव्हती, आवाजही चढलेला नव्हता. “आता मला एकच सांगा काका. मला मोजता येतं का?”

“अकराशे चाळीस बरोबर होता.”

“तो एक. बाकीच्या अडतीसांचं काय?”

‘येतं की गं’ म्हणायला किती वेळ लागतो? ते वाक्य काकांच्या ओठांवर आलं होतं. पण एकोणचाळीस वेळा त्यांनी तिचाच आकडा तिला परत दिला होता, चाळिसाव्यांदा तेच करायला त्यांची जीभ रेटेना. अडतीस उद्रेकांतला एकही त्यांनी पाहिलेला नव्हता. तिच्या हातातली चिठ्ठी डोळ्यांपासून हातभर अंतरावर होती. शिसपेन्सिलीने लिहिलेला तो फिकट आकडासुद्धा तिने वाचून दाखवला म्हणूनच त्यांना कळला होता.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले.

चिमणीने मान हलवली. पडद्यावर नवं चित्र आलं होतं. तिने चिठ्ठी पालथी करून टेबलावर ठेवली, तिच्यावर पेला उपडा घातला आणि दुसऱ्या मोजणाऱ्यासाठी शेजारची रिकामी खुर्ची टेबलाशी सरकवून ती नवं चित्र मोजायला पडद्यासमोर बसली.